जुनी बीटल उभी करताना पहिला पाना कुठे लावला

"दार जरा वर उचलून लाव, नाहीतर बसत नाही." किल्ली हातात देताना आत्यानं एवढी एकच सूचना केली. गाडी १९६७ मॉडेलची फोक्सवॅगन बीटल. आत्यानं ती जवळजवळ वीस वर्षं चालवली आणि त्यानंतर एकोणीस वर्षं ती आडोशाला उभी होती. २९ जानेवारी २०२३ला माझ्याकडे आली तीही ट्रकवर चढवून, कारण चाकं जाम होती आणि टोचन लावणं शक्यच नव्हतं. दाराची सूचना मी मान हलवून ऐकली आणि विसरून गेले. सव्वा महिन्यानं अख्ख्या कामाची सुरुवात त्याच सूचनेतून सापडली.

गाडी ऑक्टोबर २०२४मध्ये रस्त्यावर आली. मधल्या वीसेक महिन्यांत कष्टाची कामं पुष्कळ झाली, पण सगळ्यात जड गेला तो पहिला दीड महिना. तेव्हा हाताला काम नव्हतं आणि ठरवायचं मात्र सगळंच होतं. जुनी गाडी दारात आणून ठेवली आहे, रोज तिच्याभोवती फेरी होते, पण हात कुठे घालावा ते कळत नाही, अशा अवस्थेत कुणी असेल तर हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

पहिल्या आठवड्यात सल्ले भरपूर मिळाले. इंजिन खोलून बघ, ते चालू झालं की हुरूप येईल. टायर बदल, म्हणजे निदान हलवता येईल. एका वर्कशॉपवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पंधरा दिवसांत रंग मारून नवीकोरी करून देतो म्हणाला. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. एकोणीस वर्षांच्या धुळीखालचा फिकट लाल रंग बघवत नव्हता, आणि तो बदलला की सगळं ठीक होईल असं मनापासून वाटत होतं.

त्याच शनिवारी आमच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्रीकाका आले. त्यांनी खिशातून लोहचुंबकाचा छोटा तुकडा काढला, पातळ फडक्यात गुंडाळला आणि दाराच्या वरच्या भागाला लावला. चिकटला. मग तो सावकाश खाली सरकवत नेला. खालच्या कडेच्या चार बोटं वर आल्यावर चुंबक सुटून जमिनीवर पडला. तिथे पत्रा नव्हताच, होती ती जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. "ताई, रंग सगळ्यात शेवटी," ते म्हणाले. "आणि महिनाभर पाना उचलू नका. नुसती बघा. वहीत लिहा." तो सल्ला मी पूर्ण पाळला नाही आणि त्याची किंमत मोजली, ते पुढे येईलच.

बघायला सुरुवात कागदांपासून केली. हे काम कंटाळवाणं आहे, पण गाडीवर पैसा ओतल्यावर ती तुमच्या नावावर होऊच शकत नाही असं कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. बीटलचा चेसिस नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर कोरलेला असतो. सीट काढली तर त्यावर गंजाचा थर. इथे एक कळकळीची सूचना: नंबरावर तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर कधीही चालवू नका. आकडे पुसट झाले तर त्या गाडीची ओळख सिद्ध करताना नाकी नऊ येतात. मी तेलात भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवलं, सकाळी मऊ कापडानं पुसलं, वर कागद धरून पेन्सिल घासली. आकडे उमटले. सुरुवात ११७ अशी होती. ऑगस्ट १९६४नंतरच्या बीटलमध्ये नंबराचे पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात आणि तिसरा मॉडेलचं वर्ष. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं, त्यामुळे तिसरा आकडा ७ असलेली गाडी ऑगस्ट १९६६ ते जुलै १९६७ या काळात बनलेली असते. पुढे सुटे भाग मागवताना या एका आकड्यानं फार सांभाळून घेतलं.

चेसिस नंबर कागदाशी जुळला. इंजिनाचा जुळला नाही. हा नंबर डायनॅमोच्या स्टँडखाली क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचावर असतो. कागदावरचा एफनं सुरू होत होता, इंजिनावरचा डीनं. एफ म्हणजे त्या काळातलं १३०० सीसीचं, ४० अश्वशक्तीचं इंजिन आणि डी म्हणजे १२०० सीसीचं, ३४ अश्वशक्तीचं. कुणीतरी केव्हातरी इंजिन बदललं होतं आणि ते नोंदवायचं राहून गेलं होतं. आत्याला विचारलं, तर तिनं घेतली तेव्हापासून हेच इंजिन होतं.

१० फेब्रुवारीला नोंदणी कार्यालयात पहिली फेरी झाली. नोंदणीची मुदत संपलेली, मालकी आत्याकडून माझ्याकडे यायची आणि वर इंजिनाचा घोळ. खिडकीवर सांगितलं की तिन्ही अर्ज वेगवेगळे, आणि मालकी बदलल्याशिवाय बाकीचे दोन घेणार नाहीत. दुसऱ्या फेरीत पेन्सिलीचा छाप परत आला, कारण त्यावर माझी सही होती आणि त्यांना अधिकृत तपासनिसाची हवी होती. तिसऱ्या फेरीत आत्याला सोबत नेलं. इंजिनाच्या खरेदीची पावती नव्हती, म्हणून तिच्याकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं: गाडी कधी घेतली, तेव्हा कोणतं इंजिन होतं, त्यानंतर बदललेलं नाही. मालकीचा कागद सात आठवड्यांनी, ६ एप्रिलला हातात पडला. इंजिनाची नोंद आणि नूतनीकरण गाडी प्रत्यक्ष तपासणीला आणल्यावरच होणार होतं, म्हणजे अगदी शेवटी. नियम जागोजागी वेगळे असतात, पण एक गोष्ट कुठेही उपयोगी पडेल. दर फेरीला कुणी काय सांगितलं ते तारखेसह वहीत लिहा आणि शक्य असेल तिथे लेखी मागा. तिसऱ्या फेरीत खिडकीवर दुसरीच व्यक्ती होती आणि माझ्या वहीतली ओळ वाचूनच पुढचं बोलणं झालं.

याच दिवसांत जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन वाहन संग्रहालयाकडे गाडीचा जन्मदाखला मागवला. चेसिस नंबर आणि मालकीचा पुरावा पाठवून शुल्क भरलं की कारखान्याच्या नोंदींतून दाखला मिळतो. पाच आठवडे लागले. त्यात उत्पादनाची तारीख नोव्हेंबर १९६६मधली होती आणि रंग झेनिथ ब्लू. निळा! आत्यासाठी ही गाडी कायम लालच होती. मी टॉर्च घेऊन डॅशबोर्डच्या मागे डोकं घातलं. तारांच्या जुडग्याआड तळहाताएवढा भाग लाल रंगातून सुटलेला होता. बोट ओलं करून धूळ पुसली तेव्हा खालून तो फिका, पावसाळा सरल्यावरच्या आभाळासारखा निळा दिसला. मी बराच वेळ तशीच वाकून बघत राहिले.

आता पाना न उचलण्याच्या सल्ल्याबद्दल. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात धीर सुटला. कागद अडकलेले, बघून बघून कंटाळा आलेला. एवढं मडगार्ड तरी काढू, बीटलचे मडगार्ड बोल्टवर असतात, ते काढल्यानं काय बिघडणार, असं म्हणून तेराचा पाना घेतला आणि उजवं पुढचं मडगार्ड खोलायला बसले. दोन बोल्ट निघाले. तिसरा कट्‌ करून तुटला. चौथा फिरत राहिला, कारण आतला बसवलेला नटच पत्र्यातून सुटला होता. पाचवा तुटला. संध्याकाळपर्यंत तीन बोल्ट तुटलेले, एक फिरणारा आणि मडगार्ड अर्धवट लोंबकळत. पुढचे दोन दिवस ड्रिल करून नवे आटे पाडण्यात गेले. डाव्या बाजूला मी शहाणपणानं वागले: तारेच्या ब्रशानं बोल्ट साफ केले, गंज सोडवणारं तेल चार दिवस सकाळ-संध्याकाळ सोडलं, सोडवताना आधी किंचित आवळून मग उलट फिरवलं. एकही तुटला नाही. बोल्टला वेळ द्यावा लागतो, आणि वेळ देणं हेही कामच आहे, हे मला त्या दोन मडगार्डांनी शिकवलं.

मग मात्र वही घेऊन बसले. गाडीतले गालिचे उचलले, सीट काढल्या, दिवसाच्या उजेडात आणि रात्री टॉर्च लावून पाहिलं. फोटो काढले, एकेका भागाचे लांबून आणि जवळून. पुढे दीड वर्षानं कोणता वॉशर कुठे होता हे आठवण सांगत नाही, फोटो सांगतो. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडे असते. ॲसिड सांडून सांडून तिथला फ्लोअर इतका खाल्ला होता की बॅटरी उचलल्यावर खालची जमीन दिसली. पुढे स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचून भोकं पडली होती. पेट्रोलच्या टाकीत तळाशी चिकट, वार्निशासारखा थर होता. हे सगळं दिसणारं होतं. लिहीत गेले आणि यादी साठच्या वर गेली. त्या रात्री झोप नीट लागली नाही. साठ कामं, आणि प्रत्येक काम पहिलं वाटत होतं.

यादीला आकार आला तो आधी एका प्रश्नानं: ही गाडी कशासाठी हवी आहे? ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिनं टुरिन सनद म्हणून एक दस्तऐवज मांडला आहे. तो वाचून मला फार मदत झाली. गाडी जपणं आणि तिची पुनर्बांधणी करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, जेवढ्यास तेवढाच हात लावावा, आणि वाहनाच्या आयुष्यात झालेले जुने बदलही त्याच्या इतिहासाचा भाग असू शकतात, असा त्याचा आशय. मला प्रदर्शनात बक्षीस नको होतं. आत्याला शेजारी बसवून रविवारी पन्नास-साठ किलोमीटर निर्धास्त जाऊन येता यावं, एवढंच हवं होतं. तसं वहीत लिहिलं आणि साठातली वीसेक कामं आपोआप मागे सरकली. क्रोम नवं करणं, सीटचं मूळ कापड शोधणं, १३००चं इंजिन मिळवणं, ही सगळी त्यातली. १२००चं इंजिन आत्याच्या सगळ्या प्रवासांचं होतं. ते राहील, असं तेव्हाच ठरवलं.

उरलेल्या चाळिसांची क्रमवारी मात्र लागेना. ५ मार्चला मिस्त्रीकाका पुन्हा आले. मी दार उघडून त्यांना बसायला सांगितलं आणि सवयीनं म्हणाले, "लावताना जरा वर उचला." ते थांबले. उघडं दार दोन्ही हातांनी धरून त्यांनी वरखाली हलवलं. बिजागऱ्यांत जराही खेळ नव्हता. मग दार लावून फट मोजली. मागच्या कडेला वर तीन मिलिमीटर, खाली नऊ. त्यांनी दाराच्या बरोबर खाली, मधोमध जॅक लावला, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवला आणि सावकाश दोन-तीन दांडे मारले. चाकं जमिनीवरच होती, पण दाराची फट माझ्या डोळ्यांसमोर बदलत गेली. वर पाच, खाली सात. "दार ठीक आहे," ते म्हणाले. "गाडी वाकली आहे."

बीटलच्या दोन्ही दारांखाली पत्र्याच्या पोकळ नळ्यांसारखे कडेचे पन्हाळ असतात. मागच्या इंजिनाची गरम हवा त्यांतून पुढे येते, काचेवर आणि पायांशी सोडली जाते, म्हणून त्यांना हीटर चॅनल म्हणतात. पण गाडीची बॉडीही कडेकडेनं त्यांच्याच आधारावर फ्लोअरला बोल्टनं जोडलेली असते. आत दमटपणा साचतो आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो, त्यामुळे बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो. काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक चॅनलच्या खालच्या बाजूला अंगठ्यानं दाबलं आणि ते मुठीपर्यंत आत गेलं. आतून तपकिरी भुगा झिरपला. मी तो ओंजळीत धरला. ओल्या चहापत्तीसारखा लागत होता.

आत्या कित्येक वर्षं जे दार उचलून लावत होती, ते दार गाडीचा कणा गेल्याचं सांगत होतं.

तिथून पुढे क्रम ठरवायला अर्धा तास पुरला. प्रत्येक कामाला मी एकच प्रश्न विचारला: हे आत्ता केलं आणि नंतर दुसरं काम निघालं, तर हे पुन्हा खोलावं लागेल का? लागणार असेल तर ते नंतर. चॅनल बदलायचे तर बॉडी फ्लोअरवरून उचलावी लागणार. म्हणजे ब्रेकचे पाइप, पेट्रोलची नळी, वायरिंग, स्टिअरिंगची जोडणी सगळं सुटणार. आधी नवे ब्रेक बसवले असते तर ते काढून पुन्हा बसवावे लागले असते. आधी रंग मारला असता तर वेल्डिंगनं जळून गेला असता. इंजिनानं सुरुवात केली असती तर ते चालू होऊन वर्षभर पडून राहिलं असतं. पहिलं काम पत्रा. त्याआधी फक्त चाकं मोकळी करायची, गाडी ढकलता यावी म्हणून.

इंजिन खोलायचं नव्हतं, पण ते जिवंत आहे का हे खर्चाचा अंदाज बांधण्यासाठी कळायला हवं होतं. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, चार दिवस थांबले, मग डायनॅमोच्या पुलीच्या नटाला एकविसाचा पाना लावून हातानं हळू फिरवलं. फिरलं! स्टार्टर मारून बघायचा मोह अशा वेळी आवरावा. आतल्या गंजानं रिंगा आणि सिलिंडर ओरखडून निघतात. नंतर बाहेरची बॅटरी जोडून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब मोजला: १०५, १००, ७० आणि १०२ पीएसआय. तीन नंबर आजारी. वहीत लिहिलं आणि इंजिन उतरवून झाकून ठेवलं. बीटलचं इंजिन गिअरबॉक्सला फक्त चार ठिकाणी जोडलेलं असतं, त्यामुळे ते काढणं ऐकून होते त्यापेक्षा पुष्कळ सोपं गेलं.

खर्चाचे आकडे ज्याचे त्याचे वेगळे असतील, म्हणून वाटे सांगते. सुरुवातीला मी निम्मा पैसा रंगाला धरला होता आणि पत्र्याला दहावा हिस्सा. प्रत्यक्षात शंभरातले पंचेचाळीस पत्रा आणि वेल्डिंगला गेले, वीस रंगाला, बारा इंजिनाला. ब्रेक आणि टायर मिळून दहा झाले. उरलेले वायरिंग, रबर, काचांची बीडिंग आणि कागदपत्रं यांत वाटले गेले. हत्यारांचा खर्च यात धरलेला नाही. उचललेल्या गाडीखाली लावायचे चार मजबूत स्टँड मात्र सगळ्यात आधी घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक मिनिटही जाऊ नका.

एप्रिलमध्ये पत्र्याचे भाग मागवले. आठ आठवड्यांनी आले ते दुसऱ्याच सालच्या गाडीचे, आणि पत्राही पातळ. परत पाठवले. दुसऱ्या ठिकाणी चेसिस नंबर लिहून, मापं टाकून, पत्र्याची जाडी विचारून ऑर्डर दिली. त्या मधल्या काळात गाडी अर्धी खोललेली, भाग पिशव्यांत, पिशव्या खोक्यांत. मे महिना मला फार जड गेला. चालत नव्हती तरी निदान गाडी होती, आता आपण तिचे तुकडे करून ठेवले, असं रोज वाटायचं. त्या दिवसांत एक सवय लावून घेतली आणि तिनं मला तारलं. रोज एकच लहान भाग घ्यायचा, दाराचं हँडल किंवा वायपरची मोटर, तो साफ करून, ग्रीस लावून, चिठ्ठी चिकटवून पिशवीत घालायचा. पिशवीवर गाडीतली जागा, तारीख आणि बोल्टांची संख्या. दिवसाकाठी एक वस्तू पूर्ण झालेली दिसायची.

बॉडी १७ जून २०२३ला उचलली, सहा जणांनी. त्याआधी दोन्ही दारांच्या मोकळ्या चौकटींत लोखंडी पाइप आडवे-तिरके वेल्ड करून घेतले. हे न करता सडलेला चॅनल कापला तर बॉडी तिथल्या तिथे मिटते, आणि मग दार कधीच नीट बसत नाही. त्यासाठी दारं काढावी लागली. बीटलच्या बिजागऱ्यांचे मोठे स्क्रू इतके जाम असतात की साध्या स्क्रूड्रायव्हरनं खाचच बिघडते. हातोडीनं ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. पत्र्याचं काम करणाऱ्या काकांनी एका वेळी एकच बाजू घेतली. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे, नवा चॅनल नुसता टाचून घ्यायचा, दार लावून बघायचं, काढायचं, पुन्हा मोजायचं. एका बाजूला तीन आठवडे लागले. दार सात वेळा चढवलं आणि उतरवलं. मी घाई केली नाही, कारण तोवर मला कळलं होतं की आपण दारच दुरुस्त करतो आहोत. फ्लोअरचे दोन्ही अर्धे भाग, बॅटरीची जागा, स्टेपनीचा खळगा, सगळं नोव्हेंबरपर्यंत चाललं. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी वापरा आणि मास्क लावा. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीचंही तसंच. त्यात ॲस्बेस्टस असतो, हवेच्या झोतानं ती कधी उडवू नका.

बॉडी खाली बसल्यावर पुढची कामं एकामागून एक सुटत गेली, कारण प्रत्येकाच्या खालचं काम पक्कं झालेलं होतं. त्यातल्या दोन-तीनच गोष्टी सांगते. माझी गाडी सहा व्होल्टची. दिवे मिणमिणते, म्हणून बारा व्होल्ट करून घ्यावं असं जवळजवळ ठरलं होतं. आधी मीटर लावला: बॅटरीवर ६.२, हेडलाइटच्या बल्बवर ४.६. तेवढ्याच वॉटच्या बल्बला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, त्यामुळे गंजलेला एकेक जोड जास्त व्होल्ट खातो. अर्थिंगच्या सगळ्या जागा घासून लख्ख केल्या, स्विचचे पॉइंट साफ केले. बल्बवर ५.८ मिळाले आणि रूपांतराचा विचार तिथेच संपला.

ब्रेकमध्ये काटकसर केली नाही. या गाडीला एकच सर्किट आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, पाइप, होज सगळं नवं. पेट्रोलच्या रबरी नळ्याही सगळ्या बदलल्या, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसणाऱ्या घेतल्या. बीटलला आगी लागतात त्या बऱ्याचदा इंजिनाजवळच्या तडकलेल्या नळीमुळे.

तीन नंबरचा आजार हेड काढल्यावर कळला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला होता. जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच, तीन नंबरच्या वाटेत बसवलेला असतो, त्यामुळे त्या सिलिंडरला थंड हवा कमी मिळते. १९७१च्या मॉडेलपासून कंपनीनं कूलर बाजूला घेतला. माझ्या गाडीला तो दिलासा नाही, म्हणून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, वेळच्या वेळी, इंजिन पूर्ण गार असताना तपासायचे, हे पाळते आहे. २ जून २०२४ला इंजिन चालू झालं. पहिल्या किल्लीला नाही, चौथ्या. तो घरघरता आवाज लहानपणी आत्या आली की गल्लीच्या टोकापासून ओळखू यायचा. मी इंजिनापाशी बसून रडले.

रंगाच्या वेळी मन दोन्हीकडे ओढलं गेलं. दाखल्यावर निळा, नोंदणीत लाल. निळा केला तर कार्यालयात आणखी एक अर्ज. पण खरं कारण ते नव्हतं. आत्यानं चालवली ती लाल गाडी होती, आणि सनदेतलं ते जुन्या बदलांबद्दलचं म्हणणं मला पटलेलं होतं. लालच केला. डॅशबोर्डमागचा तळहाताएवढा निळा तसाच ठेवायला सांगितला, रंगवणाऱ्यांनी त्यावर कागद चिकटवून तो जपला.

९ ऑक्टोबरला तपासणी. इंजिन नंबर, चेसिस नंबर, ब्रेक, दिवे, धूर. तपासनिसांनी सीटखाली वाकून आकडे वाचले, प्रतिज्ञापत्र पाहिलं, दोन सह्या केल्या. हे पंचवीस मिनिटांचं काम होतं. नवा कागद तीन आठवड्यांनी आला.

तो आला त्या रविवारी आत्याला घ्यायला गेले. ती गाडीभोवती फिरली, मडगार्डावरून हात फिरवला, काही बोलली नाही. आत बसली. मग दार ओढताना तिचा हात सवयीनं हँडलखाली गेला आणि तिनं ते वर उचललं. दार उचलेना. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "आत्या, नुसतं ओढ." तिनं ओढलं.